त्रिशलाबाईंच्या गिटारची कैची

मला गिटार वाजवता येत नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या शाहूपुरीतल्या कारखान्यात येणारा प्रत्येक माणूस थोड्या वेळानं म्हणतोच, "मिस्त्री, कायतरी वाजवून दाखवा की." मग मी तारा जुळवतो, सहाही मोकळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवतो आणि गिटार त्याच्या हातात देतो. माझी मैफल तेवढीच. कुंभारानं तवा नीट भाजावा, भाकरी ज्याची त्यानं थापावी.

मूळचा मी पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा करावा लागतो आणि साच्यासाठी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. पंपाची बॉडी असो की गिअरचं झाकण, आधी ते लाकडात जन्माला येतं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड किती मोठं ठेवायचं, वाळूतून सुटून यावं म्हणून कडेला किती उतार द्यायचा, हे सगळं आधी कागदावर आणि मग हातात असावं लागतं. उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांसाठी मी उमेदीची वर्षं हेच केलं. पुढं पॅटर्न कॉम्प्युटरवर कापून यायला लागले आणि माझे रंधे-पटाश्या रिकामे पडले. त्याच सुमारास गल्लीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं फुटकी गिटार दुरुस्तीला आणली. ती उघडली आणि मी तिच्या पोटातच अडकलो. दुरुस्तीतून हळूहळू नवीन गिटार करण्याकडं वळलो. ती गोष्ट लांबट आहे आणि फार कुणाला तिचा उपयोग नाही. पोटात काय असतं ते मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गिटारच्या पुढच्या अंगाला, मधोमध भोक असलेली जी पातळ फळी असते, तिला आम्ही तबली म्हणतो. हा मिरजेच्या सतार-तंबोरेवाल्यांचा शब्द. आवाज तीच करते. नुसत्या तारेचा आवाज डासाच्या गुणगुणण्याएवढा. तारा घोडीवर बसतात, घोडी तबलीला चिकटवलेली असते आणि तार थरथरली की घोडी तबलीला हलवते. तबली जितकी हलकी तितकी ती मोकळी हलणार. पण सहा पोलादी तारा मिळून त्या घोडीला एका धडधाकट माणसाच्या वजनाइतकी ओढ देत असतात, अष्टौप्रहर. वहीच्या दोन-तीन पुठ्ठ्यांएवढी फळी ती ओढ किती दिवस सोसणार? घोडीच्या मागं ती फुगते आणि पुढं, भोकाच्या बाजूला, खचते.

म्हणून तिला आतून पट्ट्या लावतात. मुख्य दोन पट्ट्या भोकाच्या खाली एकमेकींना छेदून जातात. छपराला असते तशी म्हणून मी तिला कैची म्हणतो. कैचीच्या खाली आणखी दोन बारक्या पट्ट्या तिरक्या जातात. बाहेरून यातलं काही दिसत नाही. गिऱ्हाईक पॉलिश बघतं, खुंट्या बघतं, शिंपल्याची नक्षी बघतं. पण गिटार म्हणजे ती कैची. जाड ठेवली की गिटार मुकी राहते, फार तासली की वर्ष-दोन वर्षांत खचून मरते.

मलकापूरच्या एका हॉटेलवाल्यांनी एकदा गिटार आणली होती. गिऱ्हाइकांनी वाजवावी म्हणून भिंतीला टांगलेली. सारखी फुटते म्हणून त्यांनी तिच्या आत सागवानी पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या, खिळ्यांनी.

"गिटार एकदम पक्की झालीय," ते म्हणाले. "फक्त वाजत न्हाय."

"मालक, हिचं आता स्टूल झालंय," मी म्हणालो. "बसायला बिनधास्त वापरा."

त्यांनी खरोखरच तिच्याकडं स्टुलाच्या नजरेनं एकदा बघितलं. मी त्या पट्ट्या काढून नवी कैची बसवून दिली. पण बाजारात मिळणाऱ्या निम्म्या गिटार अशाच असतात, फक्त खिळे नसतात. कारखानदाराला तक्रार नको असते, म्हणून तो दणकट पट्ट्या मारतो. फुटलेल्या गिटारची तक्रार येते, मुक्या गिटारची कोण करणार?

ती तक्रार घेऊन आलेलं पहिलं माणूस म्हणजे त्रिशलाबाई.

थंडी सरत आली होती. दुपारी दारात मोटरसायकल थांबली. पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले एक वयस्कर गृहस्थ उतरले. "पावणं, गिटारवालं मिस्त्री हितंच हाईत का?" मागं तिशी-पस्तिशीच्या बाई, पाठीवर गिटारची पिशवी. जयसिंगपूरच्या एका शाळेत त्या लहान वर्गांना संगीत शिकवतात. बरोबरचे त्यांचे सासरे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. जैन शेतकरी कुटुंब, गावाबाहेर मळा, दावणीला म्हशी.

बाईंनी गिटार बाहेर काढली तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडं गेलं. तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यावर संपलेलं होतं. मी नजर वळवायच्या आत त्या म्हणाल्या, "कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेली. विचारायला संकोच नको. मी शाळेत रोज सांगते, पोरांना फार उत्सुकता असते."

आप्पा दाराशीच स्टुलावर बसले आणि बाहेर रस्त्याकडं बघत राहिले.

बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. गिटार वाजवताना डावा हात तारा दाबतो आणि उजवा छेडतो. दाबायची मुख्य बोटंच गेली. म्हणून त्यांनी हातांची कामं बदलली. वर्षभर बसून उजव्या हाताला दाबायला शिकवलं आणि गिटारच्या तारा उलट्या क्रमानं लावून डाव्या हातानं छेडायला सुरुवात केली.

"वर्षभरात आलं?" मी विचारलं.

"दाबायचं आलं. छेडायला माझ्याकडं अंगठा, अनामिका आणि करंगळी. त्यातली करंगळी शोभेची. ऐका आता."

त्यांनी वाजवलं. सूर स्वच्छ होते, ताल पक्का होता. पण आवाज माझ्या टेबलाच्या अलीकडंच बसून राहिला. अनामिकेत तो जोर नाही. आपल्यापैकी कुणाच्याच नसतो.

"माझा वर्ग गायला लागला की मला माझीच गिटार ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "पोरं सूर सोडून चाललीत हे मला कळतं, पण त्यांना ओढून आणायला हातात काही नसतं. शाळेत आता म्हणायला लागलेत, जूनपासून संगीताचे तास दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही ग्रंथालय बघा. एका बाईंनी सुचवलं, पेटी वाजवा. पेटीला बोटं लागत नाहीत असा त्यांचा समज असावा."

"माईक लावला तर?"

"रोज वर्गात? माईक दिसला की पोरं गाणं सोडून माईकशी खेळतात. आणि काका, माईक लावायचा असता तर मी दुकानात गेले असते. तुमच्याकडं कशाला आले असते?"

दाराकडून आप्पा म्हणाले, "आवाज मोठा व्हाया पायजे, येवढंच हाय बघा. लाकूड काय लागंल ते सांगा. बाकी मी बघतो."

त्यांच्या दृष्टीनं ते एवढंच होतं. माझ्या दृष्टीनं तो नेमका उफराटा पॅटर्न होता. जोरात वाजवणाऱ्यासाठी गिटार करणं सोपं. हळू छेडणाऱ्याच्या हातून मोठा आवाज काढायचा तर तबली इतकी हलकी हवी की श्वासानं हलेल. आणि तितकी हलकी केली की मघाशी सांगितलेली ती माणसाएवढी ओढ तिला खचवणार. मी त्यांना होय म्हणालो नाही. "गिटार ठेवून जा, आठवड्यानं या" म्हणालो. मी कामाला घाबरलो की असं म्हणतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यांची जुनी गिटार उघडली नाही. भोकातून आरसा आणि दिवा घालून बघितलं. तिथं पहिली गोष्ट हाती लागली. कैचीखालच्या त्या तिरक्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. जाड तारांच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूला तबली थोडी मोकळी ठेवतात आणि बारीक तारांच्या बाजूला थोडी ताठ. बाईंनी तारा उलट्या लावल्यामुळं खर्जाच्या तारा ताठ बाजूवर येऊन बसल्या होत्या. आधीच बोटांत जोर कमी, त्यात तबलीही हट्टी. म्हणजे बाईंना नुसती डावखुरी खुंटी-घोडी देऊन भागणार नव्हतं. पोटातली कैचीसुद्धा आरशात दिसते तशी उलटी काढायला हवी होती.

मी प्लायवूडवर पूर्ण मापाचा आराखडा काढला, पॅटर्नचा काढायचो तसाच. अंग लहान घेतलं. लोकांना वाटतं मोठी गिटार म्हणजे मोठा आवाज. पण मोठी तबली हलवायला जोरही मोठा लागतो. लहान तबली थोड्या जोरात जागी होते. खर्ज कमी पडू नये म्हणून अंगाची खोली मात्र वाढवली. बाजू आणि पाठ फणसाची, कारण फणस आपल्याकडं वाद्यांना पिढ्यान्पिढ्या चालत आलाय आणि मलकापूरच्या वखारीत मला चांगला वाळलेला मिळाला. तबलीला परदेशी स्प्रूस, आपल्या देवदाराच्या नात्यातलं झाड. माझ्याकडं त्याच्या दोन जोड्या होत्या. त्यातली एक इतकी सुंदर होती, रेषा इतक्या सरळ, की ती कुणाला द्यायची माझी छाती झाली नव्हती. टिचकी मारली की तांब्याच्या भांड्यासारखी बोलायची. ती काढली.

कैचीच्या पट्ट्यांबद्दल एक गणित आहे आणि ते कुठल्याही जुन्या सुताराला ठाऊक असतं. वासा आडवा टाकला तर वाकतो, उभा टाकला तर भार घेतो. पट्टी रुंदीला दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, उंचीला दुप्पट केली तर आठपट. म्हणून पट्ट्या अरुंद आणि उंच ठेवायच्या. वजन कमी, ताकद कायम. पण किती अरुंद? कुठं किती तासायच्या? तिथं गणित संपतं. मी नेहमीच्या हिशेबापेक्षा थोडं धाडस केलं, पण थोडंच. हाताला अजून त्या सुंदर फळीची भीती होती.

पट्ट्या चिकटवत होतो त्या दिवशी बाई मानेचं माप द्यायला आल्या. उजव्या पंजात मान कितपत जाड बसते ते बघायचं होतं. आप्पा बरोबर होतेच. मी शेगडीवर सरस तापवत ठेवला होता. आप्पांनी दारातच नाक आक्रसलं.

"हे काय शिजतंय, मिस्त्री?"

"सरस. लाकूड चिकटवायचा. वाद्याला याच्याइतका चांगला दुसरा नाही. वाळला की काचेसारखा कडक होतो, आवाज खात नाही."

"कशापासनं करत्यात?"

मी सांगितलं. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून.

आप्पा स्टुलावरून उठून बाहेर मोटरसायकलपाशी जाऊन उभे राहिले. बाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग त्या तबलीकडं, जिच्यावर कैची आणि सगळ्या पट्ट्या बसलेल्या होत्या.

"काका, माझ्या डोक्यातच आलं नाही विचारायचं," त्या म्हणाल्या.

"माझ्याही नाही."

"मी कदाचित चालवून घेतलं असतं. पण ते चातुर्मासात एक-एक नियम पाळणारे. मी ही गिटार घरात, त्यांच्यासमोर, रोज वाजवणार. त्यांना ते कळत राहणार." जरा थांबून त्या म्हणाल्या, "कुट्टीचं यंत्र त्यांनीच आणलेलं, हे त्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आणि आता ही गिटारही."

मी बाहेर गेलो. आप्पा सीटवर हात ठेवून उभे होते.

"आप्पा, दुसरी करतो."

"तुमचं नुसकान हुतंय, मिस्त्री."

"लाकूड आहे माझ्याकडं दुसरं. पांढरा गोंद वापरतो. झाडाचं, जनावराचं कशाचंच नाही त्यात." मग मला आठवलं आणि हसू आलं. "आणि आधीच सांगतो, घोडीवर आणि मानेवर हाडाची पट्टी बसवणार होतो. आणि पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं. ते किड्यांचं. मानेवर पितळेची पट्टी घालू, घोडीवर पितळ जड होईल, तिथं फायबर. पॉलिशला तेल. अजून काही प्राणी माझ्या दुकानात सापडले तर कळवतो."

आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "लई जनावरं पाळलायसा की."

ते गेल्यावर मी ती तबली टेबलावर ठेवून बसलो. वाईट वाटत होतं. इतकी वर्षं जपलेली फळी. दुसऱ्या कुणाच्या गिटारला वापरता आली असती, पण ती बाईंच्या मापाची, उलट्या कैचीची. बघता बघता एक विचार आला आणि आयुष्यात बसल्याजागी असा आनंद मला फारच कमी वेळा झालाय. ही तबली आता कुणाची नव्हती. म्हणजे तिला मी हवं ते करू शकत होतो. मोडूनसुद्धा बघू शकत होतो.

गिटार करणारा माणूस कधीच शेवटपर्यंत जात नाही. पट्टी तासताना एका ठिकाणी भीती वाटते आणि तो थांबतो. त्या ठिकाणापासून खरी हद्द किती लांब आहे, हे त्याला कळत नाही, कारण ते कळायचं तर गिटार मारावी लागते. मारायला चांगली गिटार कोण देतो? मला आप्पांनी दिली होती.

सागवानाची भक्कम चौकट केली, त्यावर तबली बसवली, तिच्यावर घोडी. घोडीला तार, तारेला तणाव्याचा स्क्रू आणि मध्ये वजनाचा काटा, ओढ किती बसते ते दाखवायला. तबलीवर ठिकठिकाणी डायल गेज टेकवलं, ते केसाएवढा फरकही दाखवतं. काटा आप्पांनी आणला, पोती मोजायचा स्प्रिंगचा. फोनवर मी काय करणार आहे ते सांगितल्यावर ते दुसऱ्या दिवशी एकटेच येऊन हजर झाले होते.

"मोडनार हायसा?"

"मोडणार आहे."

"मग मला बघाया पायजे."

त्या दिवशी स्टूल दारातून टेबलापाशी आलं. आप्पा स्क्रू आवळत आणि काटा वाचत, मी पट्ट्या तासत आणि गेज बघत. थोडं तासायचं, पुरी ओढ द्यायची, तबली कुठं किती हलली ते बघायचं, ओढ सोडायची, टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा तासायचं. आधी मी कैचीचे खालचे पाय तासले, घोडीच्या पलीकडचे, कडेकडं जाणारे. मला भीती तिथलीच होती. तासत गेलो, तासत गेलो, आणि गेजचा काटा जेमतेम हलला. पण टिचकीचा आवाज बदलत चालला. आधी तो लाकडाचा होता, मग खोल झाला, मग टिचकी संपल्यावरही मागं रेंगाळायला लागला.

"आता घुमाया लागलंय," आप्पा म्हणाले.

मी नेहमी जिथं थांबतो ती जागा कधीच मागं पडली होती. मग मी कैचीच्या मधोमध, जिथं दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथं रंधा लावला. फक्त दोन-चार ढलप्या. ओढ दिली आणि गेजचा काटा सरळ पळाला. घोडीच्या पुढं तबली खचायला लागली. आणखी दोन ढलप्या काढल्या. आप्पांनी स्क्रू फिरवला आणि तबलीतून काडकन आवाज आला. भोकाच्या कडेपासून घोडीपर्यंत चीर गेली.

आप्पांचा हात तिथंच थांबला. "मेली का?"

"मेली," मी म्हणालो. "पण कुठं मरते ते सांगून गेली."

सगळी ताकद त्या चौकात होती. तिथं एक ढलपीही काढायची नाही, उलट पट्टी पूर्ण उंच ठेवायची. आणि चौकाच्या पलीकडं, कडेकडं, मी जन्मभर जितकं तासत आलो त्याच्या कितीतरी पुढं जायला मोकळीक होती. पुस्तकात हे नाही असं मी म्हणत नाही, असेलही. पण वाचलेली हद्द आणि मोडून बघितलेली हद्द यांत फरक असतो. हात वाचलेल्यावर विश्वास ठेवत नाही.

दुसरी तबली पहिलीएवढी देखणी नव्हती. एका बाजूला रेषा जरा वाकडी होती. मी ती न भिता तासली. हवा कोरडी असतानाच पट्ट्या चिकटवल्या, कारण आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि फुगलेलं असताना चिकटवलं की उन्हाळ्यात आकसून चिरतं. चौक उंच, पाय मधे खोलगट आणि कडेला कागदासारखे निमुळते, तिरक्या पट्ट्या आरशातल्यासारख्या उलट्या. माझ्या बायकोनं ती तबली हातात घेतली आणि म्हणाली, "ही एवढीशी? पापड लाटलाय की काय?" मी म्हणालो, "भाजल्यावर बघ."

बाई गिटार न्यायला आल्या तेव्हा परीक्षा संपून शाळेला सुटी लागली होती. आप्पा आणि त्या, दोघंही. मी तारा चढवून ठेवल्या होत्या, जुळवल्याही होत्या, पण अंगठा फिरवला नव्हता. मला तो सगळा आवाज बाईंच्या आधी ऐकायचा नव्हता.

बाईंनी गिटार मांडीवर घेतली, डाव्या अंगठ्यानं सगळ्यात जाड तार छेडली. साधीच. दार उघडं होतं आणि समोरच्या टायरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. बाईंनी पुन्हा तीच तार छेडली, आणखी हळू. मग अनामिकेनं बारीक तारा. मग वाजवतच राहिल्या. कुठलं गाणं होतं मला माहीत नाही. माझं सगळं लक्ष तबलीवर होतं. घोडीच्या मागं ती श्वास घेतल्यासारखी किंचित वर-खाली होत होती. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, पण मी तळवा गिटारच्या अंगाला लावला तेव्हा हाताला कळत होतं.

वाजवून झाल्यावर बाईंनी डावा हात तारांवर ठेवून आवाज बंद केला. "मी जोर लावलाच नाही," त्या म्हणाल्या. "मला जोर लावायचाय असं वाटलंच नाही." आणि मग त्यांना रडू आलं. आप्पा खिशातला रुमाल काढून तो त्यांना द्यावा की आपणच वापरावा, अशा घोळात उभे राहिले.

त्या दोघांनी ती नेली तरी माझं काम संपलेलं नव्हतं. आवाज आला याचा अर्थ तबली टिकली असा होत नाही. पावसाळ्याची दमट हवा आणि महिनोन्महिन्यांची ओढ, ही खरी परीक्षा. म्हणून दसरा झाल्यावर मीच जयसिंगपूरला गेलो. शाळेच्या फाटकापाशी आप्पा भेटले. तीच मोटरसायकल, तीच टोपी. "तुम्ही जावा आत. मी हितंच हाय," म्हणाले. पोराठोरांच्या वर्गात आपलं काय काम, असं त्यांचं मत.

शिक्षकांच्या खोलीत मी आधी पोलादी पट्टी तबलीवर आडवी धरून बघितली. घोडीच्या मागं फुगवटा होता तेवढाच होता. घोडीच्या पुढं खळगा पडलेला नव्हता. आरशानं पोटात बघितलं. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी. मी पट्टी पुन्हा पिशवीत ठेवली, पुन्हा काढली आणि आणखी एकदा लावून बघितली. काही बदल नव्हता. आपण केलेली गोष्ट बरोबर आहे हे दोनदा बघायलाही बरं वाटतं.

"आता वर्गात चला," बाई म्हणाल्या. "संगीताचे तास अजून माझ्याकडंच आहेत. ग्रंथालयाचं नाव पुन्हा कुणी काढलंच नाही."

वर्ग खच्चून भरलेला होता. मी मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. बाईंनी सुरुवात करून दिली आणि पोरं गायला लागली, लहान पोरं गातात तशी, म्हणजे ओरडतच. पहिल्या ओळीला गिटार त्यांच्या आवाजाखाली चालली होती. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकांवरची पोरं सूर सोडून चालली. बाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. अंगठ्यानं खर्जाची तार दोनदा दिली, ठाम. तो सूर बाकांखालून माझ्या पायापर्यंत आला आणि ती मागची पोरं, आपल्याला कुणी काय केलं हे न कळताच, सुरात परत आली. बाईंनी माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

कडव्याच्या मध्यावर दार वाजलं. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर हातात खडू घेऊन उभे होते. "बाई, जरा गिटार हळू वाजवता का? माझ्या वर्गात मलाच माझं ऐकू येईना झालंय."

पोरं एकदम गप्प झाली. बाईंनी क्षणभर सरांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी कुठल्याही पॉलिशनं कुठल्याही लाकडावर आणू शकलो नसतो.

"सर," त्या म्हणाल्या, "हळूच वाजवतेय की."

सर गेले. बाईंनी दार लोटून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. तास संपल्यावर मी बाहेर आलो. आप्पा फाटकाशी मोटरसायकलला टेकून उभे होते. माझ्याकडं न बघता, शाळेच्या इमारतीकडंच बघत ते म्हणाले, "मिस्त्री, रस्त्यापतुर ऐकू येत हुतं."